पलीकडून ऐकलेला खटका

कल्पना करा, तुम्ही एका उंच स्टुलावर बसला आहात. समोर लाकडी बोर्ड, त्यावर ओळीने भोकं आणि प्रत्येक भोकाखाली चिमुकला दिवा. दिवा लागला की समजायचं, कारखान्यात कुठेतरी कुणीतरी रिसीव्हर उचलला. पुढ्यातल्या फळीतून वर आलेल्या वायरींपैकी एक उचलायची, तिचं पितळी टोक त्या भोकात घालायचं, फळीवरचा खटका आपल्याकडे ओढायचा आणि म्हणायचं, "नंबर?" पलीकडचा नंबर सांगतो. जोडीची दुसरी वायर त्या नंबरच्या भोकात घालायची, घंटी द्यायची. दोन माणसं बोलायला लागतात. झालं तुमचं काम?

नाही झालं. खटका अजून तुमच्याकडेच ओढलेला आहे. हेडफोनमध्ये दोघंही स्वच्छ ऐकू येताहेत, अगदी श्वासासकट. आणि नेमका तेवढ्यात त्यातला एकजण म्हणतो, "एक गोष्ट सांगतो, पण तुझ्यापाशीच ठेव हं."

आता बोटाने खटका पुढे लोटायचा. खट्. तुम्ही बाहेर.

खटूआजीला विचारलंत तर ती सांगेल, बोर्डाचं बाकीचं काम कुणालाही चार-आठ दिवसांत जमतं. हे एवढं शेवटचं जमायला जन्म पुरत नाही.

खटू हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते तिला काचेच्या कारखान्यातल्या टेलिफोन खोलीत मिळालं आणि असं चिकटलं, की आज गल्लीतली पोरंसोरंही तिला खटूआजीच म्हणतात. नाव ठेवणारी बाई होती दवंडीबाई.

टेलिफोन खोली जिन्याच्या टोकाला होती. आत शिरलं की पॉलिशचा, गरम झालेल्या वायरींचा आणि थंड होत चाललेल्या चहाचा मिळून एक वास यायचा. खिडकीतून भट्टीचं धुराडं दिसे. बोर्डापुढे तीन स्टुलं. मधल्या स्टुलावर दवंडीबाई, कारण कारखान्याला टेलिफोन आला तेव्हापासून ती तिथेच होती. डाव्या स्टुलावर लोकरबाई. तिच्या मांडीवर कायम विणकाम असायचं, आणि दोन दिव्यांच्या मधल्या वेळात तिचं अख्खं स्वेटर पुरं व्हायचं. उजवं स्टूल नव्या मुलीचं.

दवंडीबाई अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. तिच्या कानांत जड डूल होते. कामावर बसताना ती उजव्या कानातला डूल काढून खिळ्याला अडकवायची, म्हणजे हेडफोन नीट बसतो. डूल खिळ्यावर लटकला की लोकरबाई म्हणायची, "चला, दुकान उघडलं." कुणाचं लग्न ठरतंय, कुणाचं मोडतंय, कोण साहेबांच्या मर्जीत आहे, कोण उतरलंय, सगळं आधी मधल्या स्टुलावर यायचं आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनभर व्हायचं. तोंडावर सगळे तिला ताई म्हणत. दवंडीबाई हे पाठीमागचं. तिला ते ठाऊक होतं, आणि आतून आवडतही होतं.

पहिल्या दिवशी नव्या मुलीने तिला भाबडेपणाने "मावशी" म्हटलं.

"मावशी? कुणाची गं मावशी? केस पिकलेत का माझे? ताई म्हण ताई."

"बरं, ताई."

"आणि हे काय? लाइन जोडली की लगेच खटका लोटतेस? घाई कसली? घर जळतंय का?"

"शिकवताना तसंच सांगितलं होतं ना."

"शिकवणारे काय, पोहायला पण कोरड्या जमिनीवर शिकवतात. ऐक जरा. दिवस कसा जाईल नाहीतर?"

मुलगी हसली आणि खटका लोटला. खट्. पुढचा दिवा लागला, वायर घातली, नंबर विचारला, जोडला. खट्. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दवंडीबाईच्या डोक्यात ते खट् खट् घुमायला लागलं. "ही बया आहे की शिवणयंत्र?" ती म्हणाली. "खटका नुसता! ए खटू, चहा घेणार का?"

असं ते बारसं झालं.

खटूच्या घरात खटका लोटायचं शिक्षण फार आधी झालं होतं. तिची आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. कपडे म्हटले की खिसे आले, आणि खिसे म्हटले की त्यांत काय काय निघतं ते इस्त्रीवालीलाच ठाऊक. आई खिशातली वस्तू काढायची, बघितली न बघितल्यासारखं करायची आणि घडी घातलेल्या शर्टावर अगदी मधोमध ठेवायची, मालकाला चटकन दिसेल अशी. लहानपणी खटू वाकून बघायला गेली की आई इस्त्रीचा गरम हात वर धरून म्हणायची, "कापड आपल्या हातात आलं म्हणून माणूस आपल्या हातात आला असं होत नाही, बाळ." रात्री प्रार्थनेत मात्र आई त्या गिऱ्हाइकांची आठवण करायची. नावं कधीच नाहीत. "प्रभू, त्या निळ्या शर्टाच्या घरी शांती असू दे," एवढंच. खटूला कितीतरी वर्षं वाटायचं, देव माणसांना त्यांच्या शर्टांवरून ओळखतो.

बोर्डावर लागली तेव्हा खटू विशीत होती, आणि त्या वयात माणूस जग सुधारायला निघालेलं असतं. त्यात रविवारी उपासनेनंतर तरुण संघाच्या बैठकीत चर्चचे पाळक म्हणाले, "आपण जिथे काम करतो तिथे आपल्यामुळे काहीतरी चांगलं घडलं पाहिजे. इथे मंडळीत चांगलं असणं सोपं आहे. सोमवारी बघू." खटूने ते मनावर घेतलं. घरी येऊन तिने एक पुठ्ठा कापला, कडेला वेलबुट्टी काढली, झोकदार अक्षरात लिहिलं, "तुमचे कान देवाचे आहेत", आणि सोमवारी सकाळी लवकर जाऊन बोर्डाच्या डोक्यावर चिकटवला.

दवंडीबाई आली. डूल काढता काढता तिची नजर वर गेली. तिने ते सावकाश वाचलं.

"माझे कान देवाचे?"

"हो ताई. सगळ्यांचेच."

"मग डूल कुणाचे गं? कारण ते फार जड झालेत. देवाला म्हणावं, कान नेणार असशील तर डुलांसकट ने."

लोकरबाई टाके सुटेपर्यंत हसली. त्या दिवशी दोघींनी मुद्दाम एकेक बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि खटूला ऐकू जाईल अशा आवाजात त्यावर चर्चा केली. दुपारपर्यंत तो पुठ्ठा खाली आला, आणि आठवडाभर दवंडीबाईच्या चहाच्या ग्लासाखाली कामाला लागला. देवाच्या नावावर चहाचं गोल वर्तुळ उमटलं.

खटू रडत घरी गेली. आईने इस्त्री उभी करून ठेवली. "तू त्यांच्याशेजारी बसायला गेली होतीस, की त्यांच्या डोक्यावर बसायला?"

"म्हणजे मी गप्प बसू? त्या चुकीचं करतात, आई."

"तुझा खटका तुझ्या हातात आहे ना?"

"आहे."

"मग तो लोट. आणि त्यांच्यासाठी चहा तू आण."

खटूला हे काही फारसं पटलं नाही. एवढ्याने काय होणार? पण दुसरं काही सुचेना, म्हणून तिने तेवढंच केलं. सकाळी लवकर जाऊन तिन्ही स्टुलांपुढची पितळी टोकं पुसून लखलखीत करायची. चहा आणायचा. लोकरबाईच्या मुलाला ताप आला तर तिचंही स्टूल सांभाळायचं. आणि स्टुलावर बसताना मनातल्या मनात म्हणायचं, "प्रभू, आज माझे कान सांभाळ." बाकी कुणाला काही म्हणायचं नाही.

दवंडीबाई अधूनमधून डिवचायची. "ए खटू, आत्ता काय गेलं तुझ्या हातून! आयुष्यभर पस्तावशील." खटू म्हणायची, "पस्तावेन ताई." एकदा मात्र दवंडीबाईने तिला निरुत्तर केलं. बाटल्या तपासणाऱ्या विभागातल्या एका बाईची सासू घरी पडली होती आणि बिचारी कुणाकडे मदत मागायलाही लाजत होती. दवंडीबाईने ते तारेवरून ऐकलं, तडक कारखान्याची गाडी पाठवली, म्हातारी दवाखान्यात पोचली. संध्याकाळी डूल घालता घालता ती म्हणाली, "ऐकलं म्हणून कळलं. तुझ्या त्या खटक्याने काय झालं असतं, सांग?" घरी जाताना सगळ्या वाटेवर खटू तोच प्रश्न घोळवत राहिली. दवंडीबाईच्या मनात काळं काही नव्हतं, हे तिला त्या दिवशी कळलं. तिला माणसांची भूक होती, आणि जिथून जमेल तिथून ती भागवत होती.

असे दिवस गेले. मग एक गोष्ट झाली. एका दुपारी लोकरबाई रजेवर होती, बोर्ड शांत होता, धुराड्यातून सरळ धूर चढत होता. दवंडीबाई डुलाच्या खिळ्याकडे बघत एकदम बोलायला लागली. स्वतःबद्दल. तिने जे सांगितलं ते कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं. उलट सगळ्यांना त्याच्या बरोबर विरुद्ध माहीत होतं, कारण ते तिनेच पसरवलेलं होतं. काय सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही, कारण खटूने ते आजतागायत कुणालाही सांगितलेलं नाही. मुलीला नाही, नातीला नाही.

सांगून झाल्यावर दवंडीबाईने पदराने नाक पुसलं. "तुलाच का सांगितलं माहितीये? अख्ख्या कारखान्यात मला हे ठेवायला दुसरी जागा नाही. सगळीकडे मीच भोकं पाडून ठेवलीत."

एवढ्यात दिवा लागला. "नंबर?" दवंडीबाई म्हणाली, तिच्या नेहमीच्या भरदार आवाजात.

त्या दिवसापासून ती खटूशी वेगळं वागायला लागली, असं काही नाही. टोमणे तेच. फक्त खटूच्या टिफिनशेजारी आपला टिफिन ठेवायला लागली.

आणि मग मॅनेजरसाहेबांनी बोलावलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते. काचेची भट्टी एकदा पेटली की ती विझू द्यायची नसते. विझली तर आतली काच दगड होऊन बसते, भट्टी फोडावी लागते. ती भट्टी ज्याच्या जिवावर चालायची तो भट्टीमास्तर अलीकडे रोज कुणालातरी बाहेर फोन करत होता, आणि साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं की दुसऱ्या कारखान्याने त्याला गळ टाकलाय. भट्टीमास्तर माणसं घेऊन उठून गेला तर कारखानाच बसला.

साहेबांनी आधी दवंडीबाईला बोलावलं. "भट्टीची लाइन ऐका आणि मला सांगा." पूर्वीची दवंडीबाई असती तर तिला हे लॉटरी लागल्यासारखं वाटलं असतं. आयुष्यभर फुकट केलेल्या कामाचा आता हुकूम मिळत होता! पण ती म्हणाली, "साहेब, भट्टीच्या लाइनला फार खरखर आहे. काही म्हणजे काही कळत नाही." परत येऊन ती खटूच्या कानाशी लागली. "मी सांगून आले, लाइनला खरखर आहे. आता प्रश्न मिटला. तुझा पण आणि माझा पण. तुला विचारलं तर मान डोलव फक्त."

खटूची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. तो कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता, हे तिघींनाही माहीत होतं. घरी आईचा हात इस्त्रीने आखडायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. "बसा. भट्टीच्या लाइनवर खरखर आहे म्हणे?"

मान डोलवायची होती. एवढंच. खटू सांगते, त्या क्षणी तिच्या मानेला काय झालं तिला कळलं नाही. ती हललीच नाही.

"नाही साहेब. लाइन स्वच्छ आहे."

"मग काय ऐकू येतं?"

"ते माहीत नाही साहेब. मी जोडून दिलं की खटका लोटते."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "तुम्ही ख्रिस्ती ना? वरिष्ठांचं ऐकावं असं तुमच्यात शिकवतात की नाही?"

"शिकवतात साहेब. काम सांगा, करते. पण ते दोघं बोलतात ते त्यांचं असतं. तुम्ही बोलता तेव्हाही मी लोटतेच."

यावर साहेब जरा थबकले. आपण फोनवर काय काय बोललो ते बहुधा त्यांना आठवत असावं. खटूला वाटलं ते विचार करताहेत, म्हणून तिने उत्साहाने पुढचं सुचवलं. "साहेब, तुम्हीच विचारा ना मास्तरांना. मी आत्ता लाइन जोडून देते."

हे बोलायला नको होतं. ते खरं होतं, पण प्रत्येक खरं काही टेबलावर ठेवायचं नसतं. साहेबांचा चेहरा तापलेल्या काचेसारखा झाला. दुसऱ्या दिवशी खटूची बदली पॅकिंग शेडमध्ये झाली. कागद सहीशिवाय टेबलावरच राहिला.

पण तिला जास्त लागलं ते दुसरंच. आवरायला म्हणून ती टेलिफोन खोलीत गेली तेव्हा दवंडीबाई तिच्याकडे पाठ करून बसली होती.

"ताई..."

"ताई म्हणू नकोस. साहेबांनी मला विचारलं, खोटं का बोललात? काय सांगू मी? हे खोटं मी माझ्यासाठी बोलले होते का गं? तुझा कागद पडलाय म्हणून बोलले. आयुष्यात पहिल्यांदा ऐकायची परवानगी मिळाली आणि मी नाही म्हटलं. कुणासाठी? आणि तू माझं खोटं उघडं पाडून आलीस. तुझं खरं राहिलं स्वच्छ, माझं काय राहिलं?"

साहेबांनी तिला नुसतं झापून सोडलं होतं. तिच्याशिवाय बोर्ड चालवणार कोण? पण तिचा स्वाभिमान दुखावला होता. "मला तुम्हाला उघडं पाडायचं नव्हतं," खटू म्हणाली. "मला आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, की माझ्याने होणार नाही."

"हवं होतं," दवंडीबाई म्हणाली, आणि दिवा नसतानाच एक वायर उचलून हातात धरून बसली.

पॅकिंग शेडमध्ये पेंढा असायचा. बाटल्या पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायच्या. पेंढ्याची कुसळं बाहीत शिरत, केसांत अडकत, रात्री उशीवर सापडत. खटू दिवसभर गुंडाळायची आणि एकच प्रश्न मनात फिरवायची. आपल्यामुळे त्या खोलीत काय चांगलं झालं? एक पुठ्ठा लावला, त्यावर चहा सांडला. एक माणूस आपल्यावर माया करायला लागलं होतं, त्यालाच आपण दुखवलं. आपले हात स्वच्छ राहिले, एवढंच. आणि आपले हात स्वच्छ राहण्याने दुसऱ्याचं काय होतं? मधलं स्टूल आता पूर्वीसारखंच चालत असणार. डूल खिळ्यावर, दुकान उघडं. रविवारी ती पाळकांना म्हणाली, "मी तर कुणावरही काही परिणाम करू शकले नाही." पाळक म्हणाले, "पेरणाऱ्याला उगवलेलं दिसेलच असं नाही." ती घरी येऊन आईला म्हणाली, "पाळक शेतीचं काहीतरी म्हणाले." आई म्हणाली, "पाळकांनी आयुष्यात कुंडीतलं झाड जगवलेलं नाही. पण बरोबर म्हणाले."

मग एक दिवस पॅकिंगच्या मुकादमाने हाक मारली. "अगं, पेंढा संपत आलाय. स्टोअरला फोन लाव जरा. तुला येतं ना?"

शेडच्या खांबाला फोन होता. खटूने रिसीव्हर उचलला. इतके दिवस ती त्या दिव्यापुढे बसायची. आता तिने उचललेल्या रिसीव्हरने तिकडे दिवा लागला असेल. मधल्या स्टुलापुढचा.

"नंबर?"

तोच आवाज. "स्टोअर," खटू म्हणाली.

एका शब्दावरूनही दवंडीबाई माणूस ओळखायची. तिने ओळखलं होतं, यात शंकाच नाही. मग वायर आत गेल्याचा आवाज. घंटी. स्टोअरकीपरने उचललं. "हॅलो?"

आणि मग, अगदी बारीक, दूरवर दार लोटल्यासारखा एक आवाज आला.

खट्.

खटू तशीच उभी राहिली. हा आवाज तिने हजारदा केला होता, पण पलीकडून कधीच ऐकला नव्हता. आपण बाहेर पडतो तेव्हा आत उरलेल्या माणसाला असं वाटतं, हे तिला आत्ता कळलं. कुणीतरी आपल्यासाठी दार ओढून घेतलं, आणि खोली आपली झाली.

"हॅलो! हॅलो! कोण आहे? बोला की!" स्टोअरकीपर ओरडत होता.

"पेंढा," खटू म्हणाली. "पेंढा पाठवा." आणि ती रडते आहे की हसते आहे, ते मुकादमालाही कळेना.

पुढच्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत दवंडीबाई पॅकिंग शेडमध्ये आली. जिना उतरून आलेली, धापा टाकत, एका कानात डूल, दुसरा खिळ्यावरच विसरलेला. तिने खटूच्या डोक्यातली दोन कुसळं काढली. "काय ध्यान झालंय," ती म्हणाली आणि शेजारच्या खोक्यावर बसून टिफिन उघडला. झाल्या गोष्टीबद्दल दोघीही बोलल्या नाहीत. तिथून पुढे रोज ती तिथेच जेवायला येऊ लागली.

भट्टीमास्तर कुठेच गेला नाही. भट्टी शेवटी बंद झाली तेव्हाही तो तिच्या तोंडाशी उभा होता. तो रोज फोनवर कुणाशी काय बोलायचा, ते खटूला आजही माहीत नाही, आणि त्याची तिला कधी रुखरुखही वाटली नाही. तिच्या कागदावर पुढच्या साहेबांनी सही केली. पण ती बोर्डावर परत गेली नाही, कारण तोवर बोर्डच राहिला नाही. एक दिवस कपाटासारखं यंत्र आलं. लोकांनी आपापला नंबर आपणच फिरवायचा. तीन स्टुलं जिन्याखाली गेली. लोकरबाईने त्या दिवशी मोजे विणायला घेतले होते, ते अर्धेच राहिले असं ती म्हणायची.

दवंडीबाई निवृत्त झाली आणि मुलाकडे दूर राहायला गेली. ती निघताना खटूने धीर करून विचारलं होतं. "ताई, शेवटी शेवटी तुम्ही ऐकणं सोडलं होतं ना?"

दवंडीबाईने तिच्याकडे बघितलं. "कान दुखायचे गं. वय झालं." आणि डूल हलवत खो खो हसत गाडीत बसली.

कँटीनमध्ये त्या शेवटच्या दिवसांत बातम्या कमी झाल्या होत्या, हे खरं. सगळे तसं म्हणायचे. पण माणूस थकलं तरी बातम्या कमी होतात. काही वर्षांनी कळलं, दवंडीबाई गेली.

आज खटूआजीच्या गल्लीत सगळ्यांच्या हातात मोबाइल आहेत. शेजारच्या आजोबांना अक्षरं दिसत नाहीत, समोरच्या काकूंना बटणं कळत नाहीत, म्हणून ते फोन लावून घ्यायला तिच्याकडे येतात. ती लावते, पलीकडून "हॅलो" आलं की फोन त्यांच्या हातात देते आणि खोलीबाहेर जाऊन दार ओढून घेते. आतला माणूस निवांत बोलतो. एकदा नात म्हणाली, "आजी, तुझ्याच घरातून तूच बाहेर जातेस?" आजीचं बोट तेव्हाही खटका लोटल्यासारखं हवेत पुढे सरकलं होतं.

मग त्या बंद दाराबाहेर नातीला तिने हे सगळं सांगितलं. दवंडीबाईने त्या दुपारी सांगितलेलं सोडून सगळं. नात म्हणाली, "मग तुझ्यामुळे त्या बदलल्या! किती छान!"

"कसं कळणार?" आजी म्हणाली. "तिने माझा आवाज ओळखला होता. मला ऐकू जावं म्हणूनही लोटला असेल. माझ्यावरचा राग गेला, एवढंच सांगायला."

"मग काय, वर गेल्यावर विचार."

"विचारणारच. ती तिथे असणार, तिच्याशिवाय तिथल्या बातम्या कुणाला कळणार? पहिली भेट तिचीच घेणार." आजीने दाराच्या मुठीवर हात ठेवला. आतून शेजारच्या आजोबांचा हसण्याचा आवाज येत होता. "एवढंच विचारीन, ताई, त्या दिवशीचा खटका तुम्ही माझ्यासाठी लोटला होतात, की सगळ्यांसाठी?"